फियाटची थोरली बहीण, अँबॅसिडरची चुलतबहीण

मोटार घेण्याची ऐपत घरात येण्याच्या कितीतरी आधी, मोटार कोणती घ्यावी यावरचा वाद घरात येऊन बसलेला असे. फियाट की अँबॅसिडर? स्वातंत्र्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गाने लग्नाच्या मांडवात, कचेरीत, रेल्वेच्या डब्यात आणि जेवणानंतरच्या सुपारीबरोबर चघळला. फियाटचा पक्ष म्हणे, गाडी कशी सुटसुटीत आणि चलाख आहे पाहा, पेट्रोल बेताने पिते, शहराच्या गर्दीत सुईसारखी शिरते. अँबॅसिडरचा पक्ष म्हणे, ते सगळे खरे. पण माणसे किती बसतात? ट्रंका कोठे ठेवाल? आणि खड्ड्यातून गेल्यावर कोणाची कंबर शाबूत राहील?

या वादात दोन्हीकडच्या वकिलांनी एक मुद्दा मात्र क्वचितच मांडला. त्यांच्या या दोन संसारी, सात्त्विक गाड्यांच्या नात्यात युरोपातल्या दोन नामांकित स्पोर्ट्स कार होत्या. अँबॅसिडरच्या बॉनेटखाली जे इंजिन वर्षानुवर्षे धडधडत राहिले, त्याच घराण्याच्या इंजिनावर इंग्लंडची 'एम.जी. ए' ही दोन माणसांची उघड्या टपाची गाडी जगभर गाजली. आणि फियाटच्या इंजिनाच्या घराण्यातून इटलीची 'चिसितालिया २०२' निघाली, जी आज न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात शिल्पासारखी जपून ठेवलेली आहे. एकाच प्रकारच्या साध्या, घरगुती सामग्रीतून इंग्रजांनी एक गाडी केली, इटालियनांनी दुसरी केली, आणि आपण तिसरेच काही केले. कोणी काय केले आणि का केले, हे पाहण्यासारखे आहे.

मॉरिसचे गॅरेज

'एम.जी.' ही अक्षरे मोठ्या थाटाची वाटतात, पण त्यांचा अर्थ अगदी साधा आहे : मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डचा माणूस सायकली दुरुस्त करता करता मोटारींचा कारखानदार झाला. त्याच्या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२० नंतरच्या काही वर्षांत मालकाच्याच 'मॉरिस ऑक्सफर्ड' या साध्या गाडीच्या सांगाड्यावर नखरेल पत्रा चढवून वेगवान गाड्या विकायला सुरुवात केली. अष्टकोनी बिल्ल्याची एम.जी. जन्माला आली ती अशी.

वाचकांना 'मॉरिस ऑक्सफर्ड' हे नाव ओळखीचे वाटेल. आपली अँबॅसिडर म्हणजे याच नावाच्या, पुढच्या काळातल्या एका गाडीचे भारतीय रूप. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला बांधायला घेतली. प्रारंभी तिचे इंजिन जुन्या धाटणीचे होते. १९५९ च्या सुमारास तिला १४८९ सी.सी.चे नवे इंजिन मिळाले. तेच इंजिन १९५५ साली बाजारात आलेल्या एम.जी. ए मध्ये होते.

इंजिन तेच, पण ताकद निराळी. अँबॅसिडरला त्यातून पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती मिळे. एम.जी.च्या कारागिरांनी दोन कार्ब्युरेटर लावून आणि बाकीची जुळणी सुधारून त्याच इंजिनातून ६८ आणि थोड्याच दिवसांत ७२ अश्वशक्ती काढली. अंगाने गाडी नऊशे किलोच्या आसपास, त्यामुळे ती ताशी शंभर मैलांच्या उंबरठ्यापर्यंत पोचे. तिची गोलसर, वाहती आकृती सिड एनेव्हर या अभियंत्याची. त्याआधीच्या एम.जी. गाड्या उभट चेहऱ्याच्या आणि बाजूला पायऱ्या असलेल्या असत. नवी गाडी जणू वाऱ्यानेच घासून गुळगुळीत केलेली दिसे.

बाजारात येण्यापूर्वी जून १९५५ मध्ये तिच्या तीन नमुना-गाड्या फ्रान्समधल्या 'ल मां'च्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या. हीच ती दुर्दैवी शर्यत, जिच्यात एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. एम.जी.च्याही एका गाडीला अपघात झाला. उरलेल्या दोघी बाराव्या आणि सतराव्या क्रमांकावर आल्या. बारावा क्रमांक ऐकून कोणी नाक मुरडील. पण घरगुती गाडीचे इंजिन घेऊन चोवीस तास अखंड धावणे आणि शेवटपर्यंत टिकणे, हीच त्या गाडीची परीक्षा होती, आणि तीत ती उतरली.

या गाडीत चैन अशी फारशी नव्हतीच. बाहेरून दार उघडायला मूठ नाही, आत हात घालून दोरी ओढायची. दाराला काचा नाहीत, पाऊस आला तर बाजूचे पडदे लावायचे. पायाखालची जमीन चक्क लाकडी फळ्यांची. महायुद्धानंतरच्या कर्जबाजारी इंग्लंडला परदेशी चलन हवे होते, म्हणून यातल्या बहुतेक गाड्या बोटीत चढून परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या. १९६२ पर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १,०१,०८१ एम.जी. ए बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या सहा हजारसुद्धा मायदेशी विकल्या गेल्या नाहीत. इंग्रजी परंपरा ही अशी : साधी सामग्री, बेताची किंमत, मोठी संख्या, आणि तरुण कारकुनालाही रविवारच्या दिवशी वळणावळणाच्या रस्त्याचा आनंद.

तुरिनची कारागिरी

आता इटलीकडे वळू. तुरिन शहरात पिएरो ड्यूसिओ नावाचा एक उद्योगपती होता. तरुणपणी फुटबॉलपटू, पुढे युव्हेन्टस या प्रख्यात संघाचा अध्यक्ष, कापडाच्या धंद्यात पैसा केलेला, आणि मोटारशर्यतींचा वेडा. महायुद्धाची राख विझण्यापूर्वीच त्याच्या मनात आले की, नव्या इटलीसाठी नवी शर्यतीची गाडी करावी. पण देशात ना पोलाद, ना पैसा, ना पेट्रोल. मग सामग्री आणायची कोठून?

ती त्याला शेजारीच मिळाली. फियाटचा अभियंता दांते जाकोझा याला त्याने गाठले. जाकोझाने १९३७ च्या फियाट ११०० चे १०८९ सी.सी.चे इंजिन घेतले. हे इंजिन तेव्हा इटलीतल्या डॉक्टर-वकिलांच्या गाड्यांत असे आणि बत्तीसच अश्वशक्ती देई. सायकलीला असतात तशा पोलादी नळ्या एकमेकींना जोडून त्याने हलका, पिंजऱ्यासारखा सांगाडा उभा केला. तिच्यापाठोपाठ, जिओव्हानी सावोनुत्सी या दुसऱ्या अभियंत्याच्या हातून पुढची गाडी सिद्ध झाली, ती चिसितालिया २०२. इंजिनाची ताकद आता पंचावन्न अश्वशक्तीच्या घरात गेली होती. आणि या सांगाड्यावर कपडे चढवले ते 'पिनिन' फारिना या तुरिनच्या कसबी कारागिराने.

१९४७ ची ती आकृती पाहिली की आजही माणूस थबकतो. तोपर्यंत मोटारीचे दिवे, मडगार्ड, बॉनेट हे सगळे निरनिराळे भाग एकत्र ठोकल्यासारखे दिसत. फारिनाने ते सगळे एका सलग पत्र्यात विरघळवले. बॉनेट मडगार्डांहून खाली उतरवले, मागची बाजू छपरापासून एका ओघात खाली आणली. हा पत्रा हातोडीने हातांनी घडवलेला असे. आपल्या नाशिकच्या तांबट आळीत भांड्यावर मठार मारणारा कारागीर पाहिलेल्याला हे काम किती वेळाचे आणि किती नजरेचे आहे, ते सांगायला नको.

त्याच वर्षी जूनमध्ये 'मिले मिल्या' ही इटलीच्या खुल्या रस्त्यांवरची हजार मैलांची शर्यत झाली. चिसितालियाच्या उघड्या गाडीत बसला होता तात्सिओ नुव्होलारी, वय ५४, छातीच्या विकाराने खंगलेला. समोर आल्फा रोमिओची गाडी, इंजिन अडीचपटीहून मोठे. नुव्होलारी डोंगराळ रस्त्यांवर पुढे गेला आणि बराच काळ पुढेच राहिला. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस आला, उघड्या गाडीत पाणी भरले, इंजिनाची ठिणगी विझली. गाडी सुरू करण्यात वेळ गेला आणि पहिला क्रमांक आल्फाकडे गेला. तो दुसरा आला. पण इटलीत त्या वर्षाची आठवण निघते ती बहुधा या दुसऱ्या आलेल्या माणसाची!

गाडी अमर झाली, धंदा मात्र बुडाला. ड्यूसिओने त्यातच पोर्शे मंडळींकडून एक महागडी ग्रां प्री गाडी करायला घेतली, तीत पैसा संपला आणि त्याने अर्जेंटिनाची वाट धरली. २०२ च्या सुमारे १७० गाड्याच तयार झाल्या. एक लाख एक हजार कोठे आणि एकशे सत्तर कोठे!

शेजारी शेजारी

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने फक्त आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले. मोटार हे चालते शिल्प आहे, अशी त्यामागची भूमिका होती. त्या आठांत चिसितालिया होती आणि एम.जी.ही होती. अर्थात ही एम.जी. म्हणजे 'ए'च्या आधीची, उभट चेहऱ्याची 'टी.सी.'. पुढे १९७२ मध्ये संग्रहालयाने एक चिसितालिया आपल्या कायमच्या संग्रहातच घेतली.

दोघींचा स्वभाव इंजिनाच्या मापांतच दिसतो. एम.जी.च्या इंजिनाचा दट्ट्या ७३ मिलिमीटर रुंद नळीत ८८.९ मिलिमीटर वरखाली होतो. फियाटच्या इंजिनात हीच मापे ६८ आणि ७५ मिलिमीटर आहेत. दट्ट्याची फेरी लांब असली की इंजिन सावकाश फिरतानाही चांगले ओढते. फेरी आखूड असली की ते भरभर फिरायला राजी असते, आणि खरी मजा त्या भरभर फिरण्यातच असते. म्हणून इंग्रज गाडी पायाखाली थोडा दाब दिला की घोड्यासारखी उचलते. इटालियन गाडीला मात्र गिअर बदलत राहून सतत जागे ठेवावे लागते. एकीचा चालक पाइप ओढत गाणे गुणगुणू शकतो, दुसरीच्या चालकाला स्वतःच तबलजी व्हावे लागते.

दुसरा भेद पत्र्याचा. इंग्रजाने मजबूत लोखंडी चौकट घेतली आणि तिच्यावर साच्यातला पत्रा बसवला. गाडी पडली-आपटली तर गावच्या मेस्त्रीने सुधारावी. इटालियनाने नळ्यांचे जाळे विणले आणि त्यावर हाताने पत्रा घडवला. ती गाडी सुधारायला पुन्हा तसाच कलावंत हवा. एक गाडी अनेकांना परवडावी म्हणून केली, दुसरी अजोड व्हावी म्हणून केली. यातले थोर कोणते? संग्रहालयात जायचे असेल तर इटालियन. रविवारी फिरायला जायचे असेल तर इंग्रज. सोमवारी सकाळी कचेरीत जायचे असेल, तर मात्र दोघींच्या घरगुती नातलगांकडेच यावे लागेल.

कसाऱ्याच्या चढावर

ती नातलग मंडळी नाशिककरांना चांगली परिचयाची. मुंबईहून आग्रा रोडने निघाले की शहापूर सोडून कसारा येते, आणि तेथून थळ घाट चढून इगतपुरी. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. या घाटात रेल्वेचा चढ सदतीसला एक असा आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावण्याची वहिवाट पिढ्यानपिढ्यांची. मोटारीला मागून लावायला जादा इंजिन कोठून आणणार?

फियाट आपल्याकडे आली ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून. १९४४ मध्ये तो उभारणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद. नाशिक जिल्ह्याला त्यांचे नाव मोटारीच्या आधी साखरेमुळे ठाऊक, कारण मालेगाव तालुक्यातले रावळगाव त्यांनीच वसवले, आणि रावळगावची गोळी चघळल्याशिवाय कोणाचे बालपण सरले नाही. १९५३ च्या वालचंदांच्या निधनानंतर वर्षभरातच कुर्ल्याला फियाट ११०० सुरू झाली. तिचा अभियंताही पुन्हा तोच, दांते जाकोझा. आपल्या लोकांनी त्या गोलमटोल मॉडेलला मोठ्या प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले! पुढे 'डिलाइट' आली, मग १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीचे नाव घेऊन 'पद्मिनी'. नावे बदलली, पत्रा बदलला, इंजिन मात्र १०८९ सी.सी.चेच राहिले.

घाटात दोघींचे स्वभाव उघडे पडत. अँबॅसिडर वरच्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना ओढत राही. फियाटला वेळेवर खालचा गिअर द्यावा लागे. तो दिला की ती तक्रार न करता चटचट वळणे घेई. उन्हाळ्यात मात्र दोन्ही पक्षांना एकच न्याय : रेडिएटर उकळला की गाडी कडेला, बॉनेट वर, आणि पाण्याचा डबा हाती. चाक मागे सरू नये म्हणून दगड लावायचे काम मुलांचे. फियाटवाले आणि अँबॅसिडरवाले एकमेकांना पाणी देत, ते याच ठिकाणी.

पण गाडीत काय भरलेले असे ते पाहा. एम.जी. आणि चिसितालियात दोन माणसे बसत, आणि सामान म्हणून एखादी छोटी बॅग. तेच इंजिन आपल्याकडे पुढच्या सलग बैठकीवर तीन, मागे चार, मांडीवर मुले, डिकीत ट्रंका आणि छपरावर वळकट्या घेऊन घाट चढे. त्र्यंबकेश्वरची पूजा, सप्तशृंग गडाचे दर्शन, सिंहस्थाचे पाहुणे, परत जाताना द्राक्षांच्या पेट्या, आणि लग्नसराईत फुलांच्या माळा घातलेली नवरा-नवरीची गाडी. जे इंजिन तिकडे घड्याळाच्या काट्याशी स्पर्धा करी, ते इकडे मुहूर्त गाठून देई.

आपण काय मागितले?

मग आपल्याकडे या इंजिनांतून एखादी एम.जी. का निघाली नाही? कारागीर नव्हते असे म्हणावे, तर ज्या मेस्त्र्यांनी या गाड्या तार आणि साबणाच्या वडीवर चालू ठेवल्या, त्यांचे हात तुरिनच्या हातांहून हिणकस नव्हते. खरे कारण बाजाराचे होते. सरकारच्या धोरणामुळे केवळ सुटे भाग जोडून विकणाऱ्या परदेशी कंपन्या १९५४ च्या सुमारास निघून गेल्या. उत्पादनाला परवाने आणि मर्यादा आल्या. मोटारी बनवणारे कारखाने मूठभर उरले. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावायचा आणि गाडी मिळाली की पेढे वाटायचे. रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी कारखानदार दुसरा कार्ब्युरेटर कशाला लावील?

इंग्रजाला डॉलर मिळवायचे होते, इटालियनाला शर्यत जिंकायची होती. दोघांच्याही पाठीमागे कोणीतरी धावत होते. आपल्या कारखानदारांच्या मागे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती येईपर्यंत कोणीच धावत नव्हते. त्या स्वस्थतेची किंमत शेवटी मोजावी लागलीच. पद्मिनी २००० च्या सुमारास बंद पडली. मुंबईच्या टॅक्सीरूपात तिचा शेवटचा निरोप ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. अँबॅसिडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले.

तरीही नुसते नाक मुरडून चालणार नाही. आपण गाडीकडे वेग मागितलाच नाही, देखणेपणही फारसे मागितले नाही. आपण मागितले ते एवढेच की, सगळ्यांना घे, कोठेही बंद पडू नको, आणि पडलीस तर गावच्या मेस्त्रीच्या हाताने उठ. हे मागणे त्या दोन इंजिनांनी चाळीस-चाळीस वर्षे पुरे केले. स्पोर्ट्स कारची परीक्षा जर कमी सामग्रीतून जास्तीत जास्त काढण्याची असेल, तर सात माणसे घेऊन कसारा चढणारी डुक्कर फियाट त्या परीक्षेत नापास होईल असे वाटत नाही.

घाटमाथ्यावरून

न्यूयॉर्कच्या त्या आठ मोटारींत आणखी एक ओळखीचा चेहरा होता : विलीज जीप. तीच जीप भारतात जोडायला घेऊन महिंद्र कंपनीने आपला मोटारधंदा उभा केला, आणि त्याच कंपनीचा मोठा कारखाना आज नाशिकला आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओ तेथून निघाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये याच महिंद्रांनी इटलीची 'पिनिनफारिना' ही संस्था विकत घेण्याचा करार केला. चिसितालियाला कपडे चढवणाऱ्या त्या पिनिन फारिनाचीच ही संस्था. सप्टेंबर २०१८ मध्ये नाशिकमध्ये 'मराझो' नावाच्या गाडीचे अनावरण झाले, तेव्हा तिच्या आकृतीत पिनिनफारिनाचा हात होता आणि बांधणी नाशिकची होती. ती अर्थातच स्पोर्ट्स कार नव्हती. ती सात-आठ माणसांची गाडी होती. आपले मागणे बदलले नाही ते असे!

आणि एम.जी.? अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, नाव हातोहात फिरत चिनी मालकाकडे गेले, आणि २०१९ पासून तो अष्टकोनी बिल्ला गुजरातेतल्या हालोलला बांधलेल्या गाड्यांवर बसून आपल्या रस्त्यांवर दिसू लागला. आज चौपदरी झालेल्या घाटात त्या गाड्या रेडिएटर न उकळता, गिअरची कुरकुर न करता चढून जातात. पाण्याचा डबा कोणी बरोबर घेत नाही.

या दिवाळीत मुंबईहून नाशिकला येताना एखादी जुनी पद्मिनी किंवा अँबॅसिडर हौसेने जपलेली दिसली, तर मागून हॉर्न वाजवून तिला घाई करू नका. तिच्या बॉनेटखाली कोणाची आठवण चालते आहे, ते आता आपल्याला ठाऊक आहे. आणि गाडीत दोन पिढ्या एकत्र असतील तर जुना प्रश्न पुन्हा जरूर काढा : फियाट की अँबॅसिडर? घाट चढून इगतपुरी येईपर्यंत पुरेल एवढे भांडण त्यात अजून शिल्लक आहे.